इंद्रधनुषी मासे

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकाल हे गाव आहे. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग दिसते, दक्षिणेस पूर्णा नदी वाहते आणि मधल्या काळ्या जमिनीत कपाशी, तूर, हरभरा ही पिके डुलतात. जमीन अशी सुपीक असली, तरी तिच्या पोटातले पाणी मात्र सर्वत्र गोड नाही. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील विस्तृत प्रदेशाला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. संग्रामपूर तालुक्यातील अनेक गावे या पट्ट्यात मोडतात. तेथील विहिरीवर कपडे धुणारी बाई सांगेल, की साबण झिजतो, पण फेस काही येत नाही. पातेल्यात पाणी उकळले, की तळाशी पांढरा थर बसतो. असे खारे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्याने मूत्रपिंडाचे विकार होतात, ही या भागाची जुनी तक्रार आहे. म्हणूनच वान नदीवरील धरणाचे गोडे पाणी नळांनी गावोगाव आणण्याचा उद्योग करावा लागला.

अशा प्रदेशातील एखाद्या मुलाने घरी शोभेचे मासे पाळायचे ठरवले, तर त्याने प्रथम कशाचा विचार करावा? बहुतेक मुले प्रथम माशाच्या रंगाचा विचार करतात. दुकानात जो मासा अधिक चकाकतो तो घ्यावा, काचेच्या गोल भांड्यात सोडावा आणि भांडे फळीवर ठेवावे, असा त्यांचा बेत असतो. चार दिवसांनी मासा पोट वर करून तरंगू लागतो, आणि मग दुकानदाराला दोष दिला जातो. खरे पाहता विचाराचा क्रम उलट हवा. आधी पाणी पाहावे, मग पेटी पाहावी आणि सर्वांच्या शेवटी मासा निवडावा. माशाला पाणी म्हणजे केवळ राहण्याची जागा नव्हे. तो त्यातच श्वास घेतो, त्यातच मलमूत्र सोडतो, आणि त्या पाण्यातले क्षार त्याच्या कल्ल्यांवाटे शरीरात ये-जा करीत असतात.

विहिरीच्या कठीण पाण्याला कंटाळलेल्या या मुलास एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. जगात असे काही सुंदर मासे आहेत, की ज्यांना मृदू पाण्यापेक्षा थोडे कठीण पाणीच अधिक मानवते. त्यांना इंद्रधनुषी मासे म्हणतात. दुकानात मात्र ‘रेनबो’ याच नावाने त्यांची चौकशी करावी लागते.

हे मासे मूळचे ऑस्ट्रेलिया खंडातील व त्याच्या उत्तरेस असलेल्या न्यू गिनी या मोठ्या बेटावरील होत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती, तेव्हा हे दोन्ही भूभाग एकमेकांना जोडलेले होते. त्यामुळे दोहींकडच्या नद्यांत एकाच कुळातले मासे आढळतात. या कुळात शंभरावर जाती आहेत. शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, डोळे मोठे आणि पाठीवर एकामागे एक असे दोन पर, ही त्यांची ओळखण्याची खूण. पाठीवरचा पहिला पर लहान असतो व दुसरा लांब असतो.

यांपैकी एका जातीची हकीकत मोठी मनोरंजक आहे. न्यू गिनीच्या पश्चिम टोकाला पक्ष्याच्या डोक्यासारखा दिसणारा एक द्वीपकल्प आहे. तेथे चुनखडीच्या डोंगरांत आयामारू नावाची सरोवरे आहेत. १९५४-५५ साली मारिनस बोसमन नावाचे डच मत्स्यशास्त्रज्ञ त्या प्रदेशात गेले आणि त्यांनी तेथील मासे जमवले. शास्त्रज्ञ असे नमुने औषधी द्रवात बुडवून ठेवतात. द्रवात शरीराचा आकार टिकतो, पण रंग उडून जातात. बरण्यांतील ते फिकट मासे पुढे पंचवीस वर्षे तसेच राहिले. १९८० साली जेराल्ड अॅलन व नॉर्बर्ट क्रॉस यांनी त्यांचा अभ्यास करून ती नवी जात असल्याचे जाहीर केले व तिला बोसमन यांचे नाव दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत जिवंत मासे युरोपात पोहोचले, तेव्हा पाहणारे थक्क झाले. माशाचा पुढचा अर्धा भाग निळा-जांभळा आणि मागचा अर्धा भाग नारिंगी-पिवळा! जणू दोन निरनिराळे मासे मधोमध जोडले आहेत. बरणीकडे पाहून कोणालाही ही कल्पना आली नसती.

या सौंदर्याची किंमत त्या माशालाच मोजावी लागली. मागणी वाढली आणि आयामारूच्या सरोवरांतून मासे पकडून हजारोंच्या संख्येने परदेशी जाऊ लागले. नराचे रंग अधिक तेजस्वी, म्हणून नरच अधिक पकडले जात. सरोवरांत बाहेरून आणून सोडलेल्या दुसऱ्या माशांनीही त्यांच्या वस्तीवर आक्रमण केले. आज बोसमनचा इंद्रधनुषी मासा आपल्या मूळ सरोवरांत संकटग्रस्त जातींमध्ये गणला जातो. सुदैवाने हा मासा पेटीत व हौदात सहज वाढतो. दुकानांत जे बोसमन मासे दिसतात, ते बहुतेक सारे अशा पैदाशीतलेच असतात. तरीही विकत घेताना मासा पैदास केंद्रातला आहे ना, हे विचारून घेणे चांगले.

माशांच्या अंगावर हे रंग येतात तरी कसे? काही रंग त्वचेतील रंगद्रव्यांचे असतात, तर निळी-हिरवी झळाळी निराळ्याच कारणाने येते. साबणाच्या फुग्यात रंग मिसळलेला नसतो, तरी त्यावर रंग खेळतात. पावसात ओल्या रस्त्यावर पडलेल्या तेलाच्या थेंबावरही ते दिसतात. पातळ थरांवरून प्रकाश परतताना हा चमत्कार घडतो. माशाच्या त्वचेतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांचे असेच पातळ थर असतात. म्हणून मासा वळला की रंग पालटतो. सकाळचे ऊन पाहणाऱ्याच्या पाठीमागून पेटीवर थोडा वेळ पडले, तर ही शोभा पाहत राहावी अशी असते. मात्र पेटी दिवसभर उन्हात ठेवू नये. वऱ्हाडच्या उन्हात ती पेटी न राहता काढ्याचे पातेले होईल.

आता पाण्याकडे वळू. आयामारूची सरोवरे चुनखडीच्या प्रदेशात आहेत, म्हणून तेथील पाणी कठीण व किंचित अल्कधर्मी असते. ‘मग आमच्या विहिरीचे पाणी थेट पेटीत ओतावे की!’ असे कोणी उतावीळपणे म्हणेल. पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पाण्याचा कठीणपणा हा मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतो, तर खारटपणा येतो तो मिठासारख्या सोडियमच्या क्षारांमुळे. खारपाणपट्ट्यातील पुष्कळ विहिरींत हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. इंद्रधनुषी माशाला पहिला प्रकार मानवतो. दुसरा बेताचाच सोसतो. म्हणून ‘आमचे पाणी कठीण आहे’ एवढ्यावर समाधान मानून चालत नाही.

पाण्यात विरघळलेले एकंदर क्षार मोजण्यासाठी पेनासारखे एक लहान उपकरण मिळते, त्याला टीडीएस मीटर म्हणतात. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाजवळ ते हमखास असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत. दुसरे पाणी नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. या माशांसाठी दोनशे ते पाचशेच्या दरम्यानचा आकडा उत्तम समजावा. विहिरीच्या पाण्याचा आकडा याहून पुष्कळ मोठा आला, तर त्यात नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे. एक बादली विहिरीचे व तीन बादल्या नळाचे, अशा हिशेबाने मिसळून पुन्हा मोजून पाहावे. एकदा ठरलेले प्रमाण वहीत लिहून ठेवावे आणि पुढे दर वेळी तेच पाळावे. माशाला एखादा आकडा थोडा कमी-अधिक असण्याचा त्रास होत नाही, तेवढा तो रोज बदलण्याचा होतो.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो आणि ग्रामपंचायत विहिरीतही ब्लीचिंग पावडर टाकते. माणसाला हितकर असलेला हा क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. असे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, म्हणजे तो उडून जातो.

पेटी किती मोठी असावी? बोसमन माशाचा नर दहा-अकरा सेंटिमीटर लांब होतो आणि तो स्वस्थ बसणारा प्राणी नव्हे. त्याला पोहण्यास सरळ लांब जागा लागते. चार फूट लांबीहून लहान पेटीत त्याला कोंडणे म्हणजे घोड्याला न्हाणीघरात बांधणे होय. अशा पेटीत सुमारे दोनशे लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यात काच व वाळू मिळवली, की एकूण वजन अडीच क्विंटलच्या घरात जाते. साधी लाकडी फळी एवढा भार पेलणार नाही. गोल काचेच्या भांड्याविषयी तर बोलायलाच नको. ते सुंदर दिसते, त्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही.

लहान घरासाठी याच कुळातली एक बुटकी जात अधिक सोयीची आहे. न्यू गिनीतील मांबेरामो नदीच्या खोऱ्यात ती सापडते. १९२२ साली वेबर व द बोफोर्ट या शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले. दुकानात तिला ‘निऑन रेनबो’ किंवा ‘ड्वार्फ रेनबो’ म्हणतात. अंग चांदीसारखे निळे, नराच्या परांच्या कडा लाल, मादीच्या पिवळसर. लांबी सहा-सात सेंटिमीटरांपेक्षा क्वचितच वाढते. ९० सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच अशी पेटी तिला पुरते. या मापांचा गुणाकार १,२६,००० घन सेंटिमीटर, म्हणजे १२६ लिटर होतो. एवढ्या पाण्यात आठ मासे सुखाने राहतात. वरवट बकालच्या मुलाने पहिल्याने हीच जात निवडणे शहाणपणाचे. तांबड्या रंगाची आवड असणाऱ्याला सेंतानी सरोवरातला लाल इंद्रधनुषी मासा मोह घालील. परंतु तो वीतभर लांब होतो, आणि त्याच्यासाठी मोठी पेटी आधी हवी.

पेटी भिंतीलगत, घराच्या सर्वांत थंड खोलीत, पक्क्या सपाट ओट्यावर ठेवावी. खाली थर्मोकोलचा ताव अंथरावा, म्हणजे काचेवर भार सारखा पडतो. तळाशी स्वच्छ धुतलेली बारीक वाळू घालावी. वॅलिस्नेरियासारख्या लांब पात्यांच्या पाणवनस्पती कठीण पाण्यात चांगल्या वाढतात. त्या मागच्या बाजूला लावाव्यात व पुढची जागा पोहण्यास मोकळी सोडावी. वर जाळीचे किंवा काचेचे झाकण पाहिजेच. हे मासे घाबरले की उंच उडी मारतात आणि सकाळी जमिनीवर वाळलेले सापडतात.

इतकी तयारी झाली, की मासे आणण्याची घाई होते. येथेच संयमाची खरी परीक्षा असते. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी आहे, आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका तो अधिक घातक होतो. म्हणजे या भागात काळजी दुप्पट. निसर्गात एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी असते व वनस्पती ते शोषून घेतात. शेतातल्या मातीत शेणखताचे जे होते, तेच येथे पाण्यात घडते. पण नव्या पेटीत हे जीवाणू नसतात. ते स्पंजाच्या गाळणीवर व वाळूवर वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात गाळणी चालू ठेवून माशाशिवायच पेटीत चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे ते कुजून जीवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कोणाकडे जुनी निरोगी पेटी असेल, तर तिच्या गाळणीतील स्पंजाचा तुकडा आणून आपल्या पेटीत ठेवावा. दुधाला जसे विरजण, तसा पेटीला हा तुकडा. हा स्पंज पुढे कधीही नळाच्या धारेखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. नाही तर क्लोरीनने जीवाणू मरतात आणि महिन्याची मेहनत एका मिनिटात वाया जाते.

महिना-दीड महिन्याने मासे निवडायला निघावे. शोभेच्या माशांची मोठी पैदास कोलकात्याजवळ व चेन्नईच्या कोळत्तूर भागात होते. तेथून मासे रेल्वेने व विमानाने देशभर जातात आणि अकोला, अमरावती, नागपूर यांसारख्या शहरांतील दुकानांत पोहोचतात. दुकानात गेल्यावर ‘हा द्या’ असे लगेच बोट दाखवू नये. पेटीसमोर दहा मिनिटे नुसते उभे राहावे. मासे पर उघडून एकत्र पोहत आहेत का? एखादा कोपऱ्यात एकटाच धापा टाकतो का? कोणी वाळूवर अंग घासतो का? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? असा एक जरी मासा दिसला, तरी त्या पेटीतले दुसरे मासेही घेऊ नयेत, कारण पाणी एकच असते. पोट आत गेलेला, पाठ वाकडी किंवा जबडा तिरपा असलेला मासा टाळावा. दुकानदाराला थोडे खाद्य टाकायला सांगावे. निरोगी मासा नवख्या माणसासमोरही खाण्यावर झडप घालतो.

रंगाच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. इंद्रधनुषी माशांची पिल्ले दुकानात रुपेरी व निस्तेज दिसतात. पूर्ण रंग चढायला त्यांना वर्षभर लागते. म्हणून पुष्कळ गिऱ्हाइके त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि शेजारच्या भडक माशावर पैसे घालवतात. ज्याला वाट पाहता येते, त्याच्यासाठीच हा मासा आहे. हे मासे कळपाने राहतात, म्हणून सहापेक्षा कमी घेऊ नयेत. दोन-तीन नर व बाकी माद्या, असे प्रमाण ठेवावे. नराचे शरीर अधिक उंच असते व पाठीवरचे पर टोकदार असतात. मादीचे पर आखूड व गोलसर. मादी साधी दिसते म्हणून तिला वगळणे हा वेडेपणा आहे, कारण नर आपले सर्वोत्तम रंग तिलाच दाखवण्यासाठी उजळतो. एकाच कुळातल्या निरनिराळ्या जाती एका पेटीत मिसळू नयेत. त्यांचा संकर होतो आणि पुढच्या पिढीत कोणाचेच रंग धड राहत नाहीत.

प्राणवायू भरलेल्या पिशवीत मासे घेतल्यावर ती ओल्या फडक्यात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात ठेवावी व सकाळच्या एसटीने घर गाठावे. घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतबाहेरची उष्णता सारखी होते. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर पेटीचे पाणी तीत घालत जावे. शहरातले पाणी व खारपाणपट्ट्यातले पाणी यांच्या क्षारांत फार अंतर असते; एका क्षणात एकातून दुसऱ्यात गेलेला मासा दचकतो आणि कधी कधी दगावतो. तासाभराने मासे जाळीने उचलून पेटीत सोडावेत. पिशवीतले पाणी मात्र पेटीत ओतू नये.

रोजचे काम फारसे नाही. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. या माशांचे तोंड मोठे दिसले, तरी घसा अरुंद असतो. म्हणून खाद्य बारीक चुरून टाकावे. आठवड्यातून एकदा उकडलेला पालक किंवा सोललेला मटाराचा दाणा कुस्करून द्यावा. डासांच्या अळ्या तर त्यांना लाडवासारख्या वाटतात. अंगणातल्या बादलीत अळ्या दिसल्या, तर त्या जाळीने गाळून व धुऊन माशांना द्याव्यात. मात्र माशांसाठी म्हणून मुद्दाम अळ्या वाढवत बसू नये. त्यातल्या चार वाचल्या, तर घरात डेंग्यू येईल.

आठवड्याला पेटीतले पाव पाणी काढून तेवढेच तयार ठेवलेले पाणी घालावे. १२६ लिटरांच्या पेटीत हे सुमारे तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या होतात. आता कल्पना करा. मे महिना आहे. नळाला चार दिवस पाणी आलेले नाही. आजी रांजणाकडे पाहते, मग पेटीकडे पाहते आणि विचारते, “बाळा, मासोळ्यांना दोन बादल्या, अन् माणसांनी काय करावं?” आजीचा प्रश्न योग्य आहे. ज्या घरी उन्हाळ्यात पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते किंवा डोक्यावरून आणावे लागते, त्या घरी पेटी मांडण्याचा बेत पुढे ढकलावा. पावसाचे पाणी साठवण्याची सोय आधी करावी. जेथे पाणी आहे, तेथेही काढलेले पाणी मोरीत सांडू नये. त्यात खताचा अंश असतो. कढीपत्ता, जास्वंद, तुळस यांना ते मानवते.

उन्हाळ्याचे दुसरेही संकट आहे. या माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. वऱ्हाडात बाहेरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पेटीचे पाणीही तिशी ओलांडते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच मिलिग्रॅम. उष्णतेने माशाचा श्वास तर जलद होतो. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. अशा वेळी पेटीच्या बाहेरून ओले गोणपाट लावावे, झाकणाऐवजी जाळी घालून वरून पंख्याचा वारा सोडावा, आणि खाद्य निम्मे करावे. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नयेत. वीज गेली, की हवेचा पंप थांबतो. भारनियमनाच्या काळात एक बॅटरीवरचा पंप घरी असावा. तो नसेल, तर दर अर्ध्या तासाने तांब्याभर पाणी पेटीतूनच घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा तीत सोडावे. त्या धारेबरोबर हवा पाण्यात शिरते. हिवाळ्याच्या रात्री उलट स्थिती होते, तेव्हा लहान हीटर लावावा लागतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी पंप व हीटर यांची बटणे बंद करून पिना काढाव्यात, आणि हे काम मोठ्या माणसाच्या देखत करावे.

कपाशीच्या गावात आणखी एका गोष्टीला फार जपावे लागते. पावसाळ्यात पिकांवर कीटकनाशकाची फवारणी चालते. फवारणीचे द्रावण कालवलेली बादली कितीही धुतली, तरी ती पेटीसाठी वापरू नये. पेटीची बादली वेगळी ठेवून तिच्यावर खूण करावी. शेतातून आलेल्या माणसाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. गावतळ्यातील हायड्रिला आणायची झाली, तर जवळच्या शेताचे पाणी तेथे वाहून येते का, ते पाहावे. आणि एक साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: हवेचा पंप खोलीतली हवा शोषून पाण्यात सोडतो. खोलीत डास मारण्याचा फवारा मारला किंवा अगरबत्ती पेटवली, तर तो धूरही पंपावाटे पाण्यात जातो. घरची माणसे दार उघडून बाहेर जाऊ शकतात. माशांना बाहेर नाही.

इतके सांभाळले, तर वर्षभराने एके दिवशी सकाळी निराळे दृश्य दिसते. सूर्य वर येताच नर पर ताठ करून मादीभोवती फिरू लागतो. त्याचे रंग एकाएकी उजळतात. मग दोघे पाणवनस्पतीच्या झुपक्यात शिरून क्षणभर थरथरतात. मादी एकाच वेळी सारी अंडी घालत नाही. रोज थोडी थोडी, अशी कित्येक दिवस घालते. अंडी मोहरीहूनही लहान असून त्यांना बारीक चिकट तंतू असतात, त्यांनी ती पानांना लटकून राहतात. हिरव्या लोकरीच्या धाग्यांचा झुपका थर्मोकोलच्या तुकड्याला बांधून तरंगत ठेवला, तर त्यावरही ती सापडतात. ती वेगळ्या भांड्यात ठेवली, की सात-दहा दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. पिल्ले म्हणजे केवळ दोन डोळे व एक काचेचा धागा. ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळच राहतात. त्यांचे तोंड इतके लहान, की वाळलेले गवत पाण्यात भिजवून त्यात वाढलेले सूक्ष्मजीवच त्यांना पहिले काही दिवस खाता येतात.

पिल्ले फार झाली, तर ती शाळेच्या पेटीला द्यावीत, मित्रांना द्यावीत किंवा दुकानदाराला परत करावीत. वान नदीत किंवा गावतळ्यात मात्र सोडू नयेत. सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांत त्यांचे स्वतःचे लहान मासे आहेत. ऑस्ट्रेलियात १९२५ साली डासांच्या नाशासाठी अमेरिकेतला गॅम्बुसिया नावाचा मासा आणून सोडला गेला. त्याने डासांचे किती वाकडे केले, ते राहू द्या. पण तो तेथील लहान माशांची अंडी-पिल्ले खाऊ लागला आणि त्यांचे पर कुरतडू लागला. त्यात इंद्रधनुषी माशांचे भाईबंदही होते. एकदा पसरलेला मासा नदीतून परत काढता येत नाही.

जुलैत जन्मलेली पिल्ले दिवाळीपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर होतात, आणि तोवर रुपेरीच असतात. पहिली निळी झाक दिसते, तेव्हा शेतात कपाशीची वेचणी संपत आलेली असते.